जिमी रेनी आणि दुसरी ओळ : ऐकण्या-उतरवण्याच्या नोंदी

५ जून

सप्टेंबरच्या श्रवणसभेत अमेरिकन जॅझ गिटारवादक जिमी रेनी ऐकवायचा, हे आज ठरलं. मंडळाच्या वहीत मी नाव लिहिलं तेव्हा कुणालाच ते ओळखीचं वाटलं नाही. आमच्याकडची बहुतेक मंडळी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेली. जॅझ गिटार म्हटलं की वेस माँटगोमेरी आणि जो पास ही दोन नावं निघतात, फार तर जिम हॉल. पण खुद्द वेस माँटगोमेरीने १९६१ च्या मुलाखतीत रेनीच्या सफाईदार वादनाची मनापासून तारीफ केली होती, आणि जिम हॉल तर त्याच्या शेजारी बसून वाजवलेला माणूस. म्हणजे वाजवणाऱ्यांना रेनी माहीत होता. ऐकणाऱ्यांपर्यंत मात्र तो पोचला नाही.

कामाचे दोन भाग ठरवले आहेत. दोन तासांत बसेल असा ध्वनिमुद्रणांचा क्रम लावायचा, आणि तो नुसता सालवार नको. दुसरं म्हणजे काही सोलो कानाने ऐकून स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायचे. त्यातली एक चीज मी आणि माझा विद्यार्थी दोन गिटारींवर प्रत्यक्ष वाजवून दाखवणार.

८ जून

सभेत सांगायची चरित्राची माहिती एका पानात बसवली. जन्म २० ऑगस्ट १९२७, लुईव्हिल, केंटकी. सतराव्या वर्षीच, १९४४ मध्ये, जेरी वॉल्डच्या बँडमध्ये न्यूयॉर्कला. तिथे पियानोवर अल हेग होता, आणि चार्ली पार्करच्या नव्या संगीताची (बीबॉपची) गोडी रेनीला त्याच्यामुळे लागली. मग शिकागो, १९४८ मध्ये वुडी हर्मनचा मोठा बँड, आणि १९५१ पासून स्टॅन गेट्झचा क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा संच. १९५३ मध्ये रेड नॉर्व्होच्या ट्रायोत, म्हणजे तिघांच्या संचात. १९५४ आणि १९५५, लागोपाठ दोन वर्षं ‘डाउनबीट’ या जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी गिटारवादकांत त्याला पहिला कौल दिला. १९६० च्या दशकाच्या मध्याला दारू आणि कामाच्या अडचणी या दोन्हींमुळे तो लुईव्हिलला परतला. सत्तरच्या दशकात पुन्हा ध्वनिमुद्रणं सुरू झाली, ती नव्वदपर्यंत. मृत्यू १० मे १९९५, लुईव्हिललाच.

माणूस विस्मृतीत का गेला हे विचारलं की मधल्या पोकळीकडे बोट दाखवलं जातं. ते कारण खरं आहे, पण मला पुरेसं वाटत नाही. दहा वर्षं गायब होऊनही ज्यांचं नाव टिकलं असे वादक जॅझमध्ये आहेत.

१४ जून

स्टोरीव्हिलपासून सुरुवात केली. २८ ऑक्टोबर १९५१, बोस्टनमधला जॉर्ज वीनचा क्लब. (याच वीनने पुढे १९५४ मध्ये न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव सुरू केला.) टेनर सॅक्सोफोनवर स्टॅन गेट्झ, गिटारवर रेनी, पियानोवर अल हेग, बासवर टेडी कॉटिक, ड्रम्सवर टायनी कान. गेट्झ आणि रेनी एकाच वर्षी जन्मलेले, दोघेही चोवीस वर्षांचे. रूस्ट कंपनीने हे ध्वनिमुद्रण काढलं. आज ते गेट्झच्या रूस्टमधल्या समग्र संचात एका जागी मिळतं.

पहिल्याच ऐकण्यात जाणवतं ते असं, की गिटार इथे सॅक्सोफोनच्या मागे उभी नाही. पियानो असल्यामुळे रेनीवर कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) भरण्याची जबाबदारी जवळजवळ नाही. तो मोकळा आहे आणि त्या मोकळेपणाचा उपयोग तो एका गोष्टीसाठी करतो: गेट्झबरोबर दुसरी सुरावट चालवण्यासाठी. चिजेचा मुखडा दोघे कधी एका सुरात वाजवतात, कधी दोन वेगळ्या वाटांनी निघून एकमेकांना छेदतात. या चिजांपैकी काही रेनीच्या स्वतःच्या आहेत. ‘पार्कर ५१’ त्याची, ‘सिग्नल’ त्याची.

टायनी कानबद्दल सभेत दोन वाक्यं बोलायलाच हवीत. राइड झांजेवरची त्याची चाल इतकी हलकी आहे की दोन्ही ओळी स्वच्छ ऐकू येतात. जरा जड हाताचा ड्रमर असता तर गिटारची ओळ बुडाली असती. तो १९५३ मध्येच गेला, ऐन तारुण्यात.

१७ जून

घरातल्या स्पीकरवर बास फार येतो आणि गिटारचे खालचे सूर कॉटिकच्या बासमध्ये मिसळतात. हेडफोनवर काम करणार. मोनो मुद्रण आहे, त्यामुळे डावं-उजवं करून गिटार वेगळी काढता येत नाही. वेग निम्म्यावर आणून, सूर न बदलता, चार-चार बारचे (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा भाग) तुकडे ऐकत उतरवायचे.

२३ जून

‘पार्कर ५१’चा ब्रिज, म्हणजे चिजेचा मधला वेगळा भाग, उतरवून झाला. या कामातला आजवरचा सगळ्यात मोठा आनंद, म्हणून सविस्तर लिहितो.

चीज ‘चेरोकी’ या रे नोबलच्या १९३८ मधल्या गाण्याच्या कॉर्डवर बांधलेली आहे. चौसष्ट बारचं आवर्तन, म्हणजे नेहमीच्या बत्तीसच्या दुप्पट. लय मिनिटाला तीनशे ठोक्यांच्या आसपास. बी फ्लॅटमध्ये चाललेलं गाणं ब्रिजला एकदम बी मेजरमध्ये शिरतं. म्हणजे षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो. तिथून दर चार बारला एक एक पूर्ण स्वर खाली: बी, मग ए, मग जी, मग एफ, आणि तिथून परत घरी. चार पायऱ्या, प्रत्येक पायरी चार बारची, आणि प्रत्येक पायरीवर कॉर्डची तीच घडी एक स्वर खाली उतरलेली.

इथे बहुतेक वादक स्वाभाविकपणे एक करतात. पहिल्या पायरीवर एक तुकडा वाजवतात, मग तोच तुकडा एक स्वर खाली, पुन्हा एक स्वर खाली. गिटारवर तर हे फारच सोपं आहे, बोटांची ठेवण तीच ठेवून हात दोन पडदे मागे सरकवला की झालं. वाद्यच तुम्हाला त्या वाटेला ढकलतं.

रेनी त्या वाटेला जात नाही. त्याची ओळ पायरी संपायच्या आधीच पुढच्या पायरीच्या सुरांकडे झुकते आणि पायरी बदलून गेल्यावरही बोलतच राहते. वाक्य चौथ्या बारला न संपता पाचव्यात किंवा सहाव्यात संपतं. कागदावर उतरवलं तेव्हा मी बारच्या उभ्या रेघा मुद्दाम नंतर मारल्या. आधी नुसते सूर आणि विश्रांती लिहिल्या, त्यात श्वासाच्या जागांवर खुणा केल्या, मग रेघा आखल्या. श्वासाच्या खुणा आणि रेघा जवळजवळ कुठेच जुळत नाहीत! तरी कॉर्ड कोणती चालली आहे हे ओळीतून दर क्षणी कळतं. पियानो बंद केला तरी कळेल.

हे सगळं तीनशेच्या लयीत, आवाज न चढवता, सूर न चिरडता. मी या ब्रिजवरून बराच वेळ उठू शकलो नाही.

२५ जून

त्याच सोलोतल्या हाताबद्दल. प्रत्येक सुराला पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात नाही. काही सूर डाव्या हाताच्या बोटाने नुसते जोडून घेतलेले आहेत, म्हणून ओळ टोचत नाही, वाहते. पण जोडणी कुठे करायची आणि आघात कुठे द्यायचा हे तो नेमकं ठरवतो. आघात बहुतेकदा ठोक्यांच्या मधे पडतात आणि झुलण्याचा भास तिथून येतो. नोटेशनमध्ये हे जोड दाखवले नाहीत तर रेनी दाखवला असं म्हणताच येणार नाही. कमानी घालतो आहे, संथ काम आहे.

२ जुलै

मंडळातले हार्मोनियमवाले काका आज सहज घरी आले. त्यांना उतरवलेलं पान दाखवलं आणि एक जागा ऐकवली, जिथे रेनी तीन ठोक्यांचा तुकडा चार ठोक्यांच्या बारवर पुन्हा पुन्हा टाकतो. काकांनी मांडीवर बोटं मोजली. “बारा मात्रांनी भेट,” ते म्हणाले. तीन बार झाले की तुकडा आणि ताल पुन्हा एका जागी येतात. “मग समेवर का नाही येत तो?”

काकांचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण सभेत तोच विचारला जाणार. आपल्याकडे असा तुकडा घेतला की तो समेवर सोडण्यातच सगळी रंगत. श्रोता आणि वादक दोघे मिळून त्या क्षणाची वाट बघतात. रेनी तीच गणितं करतो, पण भेटीची जागा आली की तिथे थांबत नाही. त्या तुकड्यातून दुसरंच वाक्य फुटतं आणि ताल खालून पुढे निघून जातो. श्रोत्याला टाळी द्यायला जागाच मिळत नाही. त्याच्या लोकप्रियतेच्या आड हीच गोष्ट आली असावी असं माझं मत होत चाललं आहे. टाळीची जागा त्याने कधी राखून ठेवली नाही.

काकांना मी म्हटलं, “सभेला तुम्ही पुढेच बसा.” ते म्हणाले, “तू आधी ती ओळ मला लिहून दे, पेटीवर बसवून बघतो.”

७ जुलै

१९५३ च्या एप्रिलमधलं प्रेस्टिज कंपनीचं सत्र. नायक रेनी, पियानोवर हॉल ओव्हरटन, बासवर रेड मिचेल, ड्रम्सवर फ्रँक इसोला, आणि टेनर सॅक्सोफोनवर कुणी ‘स्वेन कूलसन’. कूलसन म्हणजे अर्थात स्टॅन गेट्झ. त्याचा करार निर्माता नॉर्मन ग्रँझशी असल्यामुळे खरं नाव छापता येत नव्हतं. चार चिजा, दहा इंची तबकडी: ‘मोशन’, ‘ली’, ‘सिग्नल’ आणि पियानोवादक थेलोनियस मंकचं ‘राउंड मिडनाइट’.

पुढे याच चार चिजा प्रेस्टिजने ‘अर्ली स्टॅन’ या बारा इंची तबकडीत गेट्झच्या नावाने विकल्या. सत्र रेनीचं, रचनांवर ठसा रेनीचा, आणि वेष्टणावर मोठं नाव दुसऱ्याचं. यात कुणाचं कारस्थान नाही, तोपर्यंत गेट्झचं नाव खपत होतं. पण दुकानात जाऊन तबकडी चाळणाऱ्याला रेनी दिसणार कसा?

८ जुलै

कालच्या नोंदीत भर. त्याची सर्वांत चांगली कामं बघितली तर ती जवळजवळ सगळी कुणाच्या तरी बरोबर आहेत. गेट्झ, नॉर्व्हो, ब्रुकमायर, जिम हॉल, शेवटी मुलगा डग. एकट्याने मैफल गाजवणं हा त्याचा पिंड नाही. त्याची ओळ दुसऱ्या ओळीची सोबत मागते, आणि ती सोबत मिळाली की दोन्हींचा दर्जा चढतो. सभेचा क्रम त्यामुळे मनात पक्का झाला: सालवार न लावता सोबत्यांनुसार लावायचा.

१३ जुलै

नॉर्व्होचा ट्रायो: व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य, तो नॉर्व्होचा), गिटार, बास. ड्रम्स नाहीत. आधी गिटारच्या जागेवर टॅल फार्लो होता, आणि १९५०-५१ मध्ये बासवर चार्ल्स मिंगस. फार्लोची बोटं लांब आणि वेग थक्क करणारा, त्यामुळे त्याच्या जागी येणं सोपं नव्हतं. रेनीने १९५३ मध्ये ती जागा घेतली, तेव्हा बासवर रेड मिचेल. या ट्रायोबरोबरच १९५४ च्या सुरुवातीला लेनर्ड फेदरने काढलेल्या ‘जॅझ क्लब यूएसए’ दौऱ्यात तो युरोपला गेला. त्याच दौऱ्यात गायिका बिली हॉलिडे होती.

दौऱ्यातच फेब्रुवारीत पॅरिसला व्होग कंपनीसाठी त्याने स्वतःच्या नावावर मुद्रण केलं, त्यात बेल्जियन सॅक्सोफोनवादक बॉबी जास्पर आहे. ऐकायला सुरेख. सभेत फार तर एक चीज घेईन, वेळ पुरणार नाही.

२० जुलै

आज ‘ए’. तबकडीचं नावच तेवढं, एक अक्षर. प्रेस्टिजने १९५७ मध्ये काढली, मुद्रण १९५४ आणि १९५५ चं. १९५४ च्या मे महिन्यातल्या सत्रात हॉल ओव्हरटन, टेडी कॉटिक आणि आर्ट मार्डिगन. १९५५ च्या चिजांत ट्रंपेटवर जॉन विल्सन.

ओव्हरटनबद्दल थोडं. तो मूळचा शास्त्रीय रचनाकार, ज्युलियर्डच्या परंपरेतला, आणि जॅझमध्ये तितकाच मुरलेला. रेनी त्याच्याकडे रचना शिकला. याच ओव्हरटनने पुढे १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या कार्यक्रमासाठी मंकच्या चिजा मोठ्या वाद्यवृंदाला लिहून दिल्या. रेनीच्या ओळी सोबतीची वाट बघतात त्यामागे ही शिकवण नक्की आहे. काउंटरपॉइंट म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या, प्रत्येक स्वतंत्र उभी राहील अशा दोन सुरावटी, हे तो वहीवर शिकला होता.

आणि मे १९५४ च्या काही चिजांत त्याने स्वतःच्या गिटारवर स्वतःचीच दुसरी गिटार चढवली. एक मुद्रण करून ते ऐकत दुसरं वाजवायचं. ही युक्ती त्या काळी नवी नव्हती, गिटारवादक लेस पॉलने ती १९५१ मध्येच अमेरिकाभर गाजवली होती. पण लेस पॉलच्या त्या तबकड्यांत गिटारींचा थवा आहे, चकाकी आहे, चमत्काराचा आनंद आहे. रेनीच्या ‘मायनर’मध्ये फक्त दोन ओळी आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाच्या असूनही एक दुसरीची सावली झालेली नाही. खालची ओळ वरचीला उत्तर देते, कधी तिच्या आधी पोचते. मला हे मुद्रण लेस पॉलच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं, आणि सभेत मी तसं सांगणारही आहे.

काही जागा एकाच वाद्याच्या सुरात दोन्ही ओळी असल्याने ओळखायला कठीण जातात. पिकच्या आघातावरून वेगळ्या करतो आहे.

२१ जुलै

आणखी एक: ‘ए’वरचं ‘समवन टू वॉच ओव्हर मी’. संथ लयीत रेनी कसा, हे ज्यांना ऐकायचं त्यांनी इथे यावं. वेग काढून घेतला की अनेक बीबॉप गिटारवादक उघडे पडतात. रेनी इथेही गाण्याच्या मूळ सुरावटीला हळूच वाकवतो, सजवत बसत नाही.

३ ऑगस्ट

पावसाने वीज दिवसभर जात-येत राहिली. विद्यार्थ्याबरोबर नुसत्या हाताने सराव. आम्ही ‘मोशन’ घेतली आहे, दोन गिटारींसाठी. सॅक्सोफोनची ओळ त्याच्याकडे, रेनीची माझ्याकडे. ‘यू स्टेप्ड आउट ऑफ अ ड्रीम’ या १९४० च्या गाण्याच्या कॉर्डवर ही चीज आहे. सुरुवात सी मेजरवर, आणि लगेच तिसऱ्या बारला डी फ्लॅट मेजर, अर्धा स्वर वर. गाण्यात ही उडी स्वप्नात शिरल्यासारखी वाटते. ‘मोशन’मध्ये दोन्ही ओळी ती उडी वेगवेगळ्या क्षणी घेतात, त्यामुळे एका क्षणी एक ओळ नव्या घरात आणि दुसरी अजून जुन्या घरात असते.

विद्यार्थी विचारत होता, “सर, मी माझ्या ओळीवर लक्ष ठेवू की तुमच्या?” मी म्हटलं, “माझ्या. तुझी पाठ असली पाहिजे.” त्याने गिटार खाली ठेवली आणि आधी माझी ओळ गाऊन घेतली. चांगला मुलगा आहे.

९ ऑगस्ट

मधली वर्षं. १९५५ ते १९६० या काळात रेनी मॅनहॅटनमधल्या ‘ब्लू एंजेल’ या सपर क्लबात पियानोवादक जिमी लायनच्या ट्रायोत होता. रोजचं काम, ठरलेला पगार, गायक-नटांना साथ. समीक्षकांचा पहिला कौल मिळालेला वादक जेवणाऱ्यांसमोर साथ करतोय, हे वाचून वाईट वाटतं; पण त्या वर्षांत जॅझवर पोट भरणं न्यूयॉर्कमध्ये कुणालाच सोपं नव्हतं, आणि स्थिर नोकरी घेतली म्हणून त्याच्या वादनाची धार गेली असं मुद्रणांतून दिसत नाही. १९५६ मध्ये ‘एबीसी-पॅरामाउंट’साठी बॉब ब्रुकमायरबरोबरची तबकडी झाली. ब्रुकमायरचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन आणि गिटार, दोन्हींचा पट्टा मधला, आवाज मऊ. दोन मध्यम सुरातली माणसं बोलतात तसं ते ऐकू येतं.

१९५७ ची ‘स्ट्रीट स्विंगर्स’ ब्रुकमायरच्या नावावर आहे. त्यात रेनी आणि जिम हॉल दोघे. बासवर बिल क्रो, ड्रम्सवर ऑसी जॉन्सन. दोन गिटारवादक कोण कुठे हे ओळखण्याचा खेळ सभेत खेळायला मजा येईल: हॉल कमी सूर घेतो, मोकळ्या जागा सोडतो, रेनीची ओळ लांब, एका श्वासात जाणारी. १९६४ मध्ये हे दोघे सॅक्सोफोनवादक झूट सिम्सबरोबर पुन्हा एकत्र आले, ‘टू जिम्स अँड अ झूट’. त्यात स्टीव्ह स्वॅलोचा बास आहे. हलकं, खेळकर मुद्रण. मी त्यातलं एकच घेईन.

१७ ऑगस्ट

कान. रेनीला मेनिएरचा विकार होता, आणि तो जवळजवळ तीस वर्षं. अंतर्कर्णाचा आजार, चक्कर येते, कानात सतत आवाज होतो आणि ऐकू येणं हळूहळू कमी होत जातं. त्याच्या दोन्ही कानांवर परिणाम झाला. दुसरी ओळ ऐकण्यावर ज्याचं सगळं संगीत उभं, त्या माणसाला हा आजार. आणि याच वर्षांत त्याने सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या तबकड्या केल्या आहेत! सभेत हे सांगायचं की नाही यावर विचार करत होतो. सांगणार, पण मुद्रणं ऐकवून झाल्यावर. आधी सांगितलं तर लोक दयेने ऐकतील, आणि त्या वादनाला दयेची गरज नाही.

२४ ऑगस्ट

परतीची वर्षं. १९७४ मध्ये रिचर्ड डेव्हिस आणि ॲलन डॉसन यांच्याबरोबर ‘मोमेंटम’. १९७५ मध्ये झनाडू कंपनीसाठी ‘द इन्फ्लुअन्स’, सॅम जोन्स आणि बिली हिगिन्स. १९७६ मध्ये टोकियोतला कार्यक्रम, सॅम जोन्स आणि लेरॉय विल्यम्सबरोबर. अल हेगशीही पुन्हा गाठ पडली आणि दोघांनी एकत्र मुद्रणं केली. नेदरलँड्सची क्रिस क्रॉस कंपनी सुरू झाली तीच ‘रेनी ’८१’ या तबकडीने. एका नव्या कंपनीने पहिलं नाव म्हणून रेनीला निवडावं, यात त्याची किंमत जाणणारे होते हे दिसतं.

आवाज या काळात थोडा कडक झाला आहे, पन्नासच्या दशकातली मखमल नाही. ओळी मात्र आणखी धाडसी. वाक्यं जास्त लांब आणि अधिक अनपेक्षित जागी वळणारी. मला स्वतःला १९५१ चा रेनी जास्त प्रिय आहे, पण शिकायला बसलं की १९७६ चा जास्त सापडतो.

लुईव्हिलच्या समोर, ओहायो नदीपलीकडे न्यू ऑल्बनीत, जेमी एबरसोल्डचं सरावाच्या तबकड्यांचं काम चालायचं. त्या मालिकेतला विसावा खंड रेनीचा आहे: त्याने स्वतः वाजवलेले सोलो आणि त्यांचं नोटेशन. एकोणतिसाव्या खंडात तर विद्यार्थ्याने रेनीबरोबर द्वंद्ववादन करायचं आहे. शिकवायची वेळ आली तेव्हाही त्याने दुसरी ओळ समोरच्याच्या हातात दिली.

२९ ऑगस्ट

डग रेनी, जिमीचा मुलगा. जन्म १९५६, पुढे कोपनहेगनला स्थायिक, ट्रंपेटवादक चेट बेकरबरोबर वाजवलेला, स्वतःच्या बळावर उत्तम गिटारवादक. २०१६ मध्ये तोही गेला. बाप-लेकांची ‘ड्युएट्स’ ही तबकडी स्टीपलचेस कंपनीने १९७९ मध्ये मुद्रित केली: दोनच गिटारी, बाकी काही नाही.

१९५४ मध्ये रेनीने स्वतःच्या शेजारी स्वतःलाच बसवलं होतं. पंचवीस वर्षांनी शेजारी मुलगा आहे, त्याच भाषेत वाढलेला पण उच्चार वेगळा असलेला. डगची ओळ जरा गुळगुळीत, आवाज जरा गोल. वडिलांच्या ओळीला कोपरे आहेत. एक सोलो वाजवतो तेव्हा दुसरा खालून कॉर्ड देतो, आणि मग कॉर्ड सोडून दोघे एकदम ओळींवर येतात. तिथे ना बास आहे ना ड्रम्स, तरी लय एकदाही लटपटत नाही. मुलगा म्हणून कुठे सवलत नाही, बाप म्हणून कुठे दटावणी नाही.

गिटारवादक अटिला झोलरबरोबरची द्वंद्वंही याच सुमाराची. झोलर मूळचा हंगेरीचा, रेनीचा जुना मित्र. ती पूर्ण मुक्त वादनाकडे झुकणारी आहेत, ठरलेल्या कॉर्डशिवाय. मंडळातल्या मंडळींना पहिल्याच भेटीत देणार नाही.

७ सप्टेंबर

क्रम पक्का:

आधी गेट्झ: स्टोरीव्हिलचं ‘पार्कर ५१’, त्यातला ब्रिज नोटेशन दाखवून दोनदा. मग डिसेंबर १९५२ चं ‘स्टेला बाय स्टारलाइट’, पियानोवर ड्यूक जॉर्डन, म्हणजे वेगातून बाहेर येऊन लोकांना श्वास घेता येईल. मग ‘मोशन’चं मूळ मुद्रण आणि लगेच आमचं वादन. नॉर्व्होची एक चीज. मध्यंतर. ‘मायनर’. ‘स्ट्रीट स्विंगर्स’मधली एक, ओळखण्याच्या खेळासाठी. टोकियो. शेवटी बाप-लेक, आणि त्यानंतरच कानांबद्दल दोन वाक्यं.

१४ सप्टेंबर

सभा झाली. पाऊस असूनही खोली भरली होती.

‘पार्कर ५१’ पहिल्यांदा लावलं तेव्हा चेहरे कोरे होते. वेग अंगावर येतो, आणि सवय नसलेल्या कानाला दोन वाद्यं वेगळी करता येत नाहीत. दुसऱ्यांदा लावताना मी फळ्यावरच्या चार पायऱ्यांवर बोट सरकवत गेलो. तिसऱ्या पायरीवर पुढच्या रांगेतून काकांचा “अहाहा” आला आणि मग खोली जागी झाली. ‘मायनर’ला सगळ्यात जास्त दाद मिळाली, हे मला अपेक्षित नव्हतं. एक गायिका ताई म्हणाल्या, “दोन्ही हाच वाजवतोय हे सांगितलं नसतं तर मी दोन माणसं धरली असती.” त्यांनी ते पुन्हा लावायला लावलं.

आमचं ‘मोशन’ नीट गेलं. विद्यार्थ्याने दुसऱ्या फेरीत डी फ्लॅटकडे जाणारी उडी मुद्दाम एक ठोका उशिरा घेतली, माझ्याकडे बघत. मी वाट दिली. तालमीत हे ठरलेलं नव्हतं.

समेचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच, पण काकांकडून नाही. एका तबलावादकाने विचारला, आणि उत्तर काकांनी दिलं. पेटीवर ती तीन ठोक्यांची जागा बसवून आणली होती. ती त्यांनी आधी समेवर सोडून वाजवली, मग रेनीसारखी न सोडता. त्यावर तबलावादक म्हणाला, “पुन्हा वाजवा,” आणि त्याने मांडीवर ठेका धरला. ते दोघं चहाच्या वेळेपर्यंत त्यातच होते.

१९ सप्टेंबर

उतरवलेल्या पानांच्या प्रती ज्यांनी मागितल्या त्यांना दिल्या. ‘पार्कर ५१’च्या सोलोतले जोड आणि आघात अजून एकदा मूळ मुद्रणाशी ताडून बघायचे आहेत, दोन ठिकाणी कमान एक सूर पुढे असावी असं विद्यार्थ्याला वाटतं, आणि त्याचं कान लावून ऐकणं माझ्यापेक्षा तरुण आहे. तबलावादकाला झोलरबरोबरची द्वंद्वं ऐकायची आहेत. पुढच्या रविवारी तो आणि काका घरी येणार आहेत, तेव्हा लावू.